पेढ्याची नोंद

मुलांनो, समजा तुम्ही एका लांब बाकावर बसला आहात. बाहेर मे महिन्याचं सोलापूर तापायला लागलंय, पण डोक्यावर पंखा फिरतोय, म्हणून तसं बरं चाललंय. पोटात मात्र कावळे कोकलताहेत. अंगात मागून बंद बांधायचा हिरवा झगा आहे, तो तुमच्या मापाचा नाही. मनगटावर नावाची पट्टी आहे. आणि समोरच्या टेबलाशी बसलेले एक काका पाटीएवढ्या टॅबवर बोटानं तुमच्याबद्दल काहीतरी लिहिताहेत. त्यांचं लिहून झालं की तुम्हाला आतल्या खोलीत नेणार. आत गेलं की झोप. झोपेतून उठलं की कित्येक दिवस हवं असलेलं एक काम झालेलं असणार.

आलं सगळं डोळ्यांसमोर? आता तुमच्या जागी आरोहीला बसवा. कारण ही गोष्ट तिची आहे, आणि त्या काकांची.

"वजन सिस्टरांनी लिहून दिलंय, ते घेतलं," काका म्हणाले. "आता मला सांगा आजी, सकाळपासून पोरीनं काही खाल्लंय?"

"न्हाय," आरोहीची आजी चिमाबाई म्हणाली.

"पाणी?"

"थेंब न्हाय."

"चहा? बिस्कीट? दूध?"

"न्हाय म्हनलं की ओ. किती डाव इचारताव? उपाशी हाय लेकरू. तोंड बगा की कसं सुकलंय."

काकांनी हसून मान हलवली आणि 'नाही' या शब्दावर बोट ठेवलं.

या काकांचं नाव वेणीमाधव. ट्रस्टच्या या डोळ्यांच्या हॉस्पिटलात ते केसपेपर लिहायला लागले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. आता मिशा पांढऱ्या झाल्या, कागद जाऊन टॅब आला, पण काम तेच राहिलं. समोरच्याला विचारायचं आणि तो सांगेल ते नीट लिहायचं. त्यांना ठाऊक होतं की आपल्याकडची माणसं चहाला खाण्यात धरत नाहीत. 'कडक उपास हाय' म्हणणारा गडी कपभर चहा घेऊन आलेला असतो आणि त्यात त्याला काही खोटं वाटत नाही. म्हणून ते चहा वेगळा विचारत, बिस्कीट वेगळं विचारत, म्हाताऱ्या बायकांना मशेरीही वेगळी विचारत. लोक चिडत. ते चिडू देत.

सगळं विचारून झाल्यावर त्यांनी टॅब फिरवून आरोहीसमोर धरला. "वाचता येतं ना? वाच. तुझंच आहे."

आरोहीनं मोठ्यानं वाचलं. नाव, गाव, तालुका करमाळा, कुठला डोळा, काय करायचंय. 'डावा डोळा, तिरळेपणा' हे मात्र तिनं मनातल्या मनात वाचलं.

"बरोबर आहे?"

"व्हय."

"मग इथं दाब. सेव्ह."

प्रत्येक मुलाला ते हे शेवटचं बटण दाबायला देत. आरोहीनं बोट नीट पुसून दाबलं. हिरवी खूण उमटली आणि कोपऱ्यात चिमुकलं कुलूप आलं.

आता आरोही या बाकावर का आली, तेही सांगतो. तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. ती फळ्याकडे बघायची तेव्हा बाईंना वाटे ती खिडकीकडे बघतेय. वाडीवरच्या शाळेत तिला नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारत नसे, चकणे म्हणत. चौथी झाली तशी ती शाळा संपली. जूनमध्ये करमाळ्याच्या मोठ्या शाळेत पाचवीला जायचं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. सरळ डोळ्यांनी गेली तर ते जुनं नाव वाडीवरच राहिलं असतं.

पण त्यासाठी आजच ऑपरेशन व्हायला हवं होतं. म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूला डोळ्यापुरती बधिरी पुरते. मुलं हलतात, रडतात, म्हणून त्यांना पूर्ण झोपवावं लागतं. आणि मुलांना भूल देणाऱ्या इंद्रायणी डॉक्टर या हॉस्पिटलात महिन्यातून एकदाच यायच्या, दुपारी परत जायच्या. आजची वेळ गेली की पुढची तारीख शाळा सुरू झाल्यावरची.

"काका, आता ह्ये बदलता येत न्हाय?" कुलपाकडे बघत आरोहीनं विचारलं.

"येतं की. ही पेन्सिल दिसते? ती दाबायची, म्हणजे एडिट होतं. पण एक गंमत आहे. तू पाटीवर चुकलीस तर काय करतेस?"

"थुकी लावून पुसते."

"शी! अगं, ओलं फडकं ठेवावं. तर पाटीवरचं पुसलं जातं. वहीत खाडाखोड दिसते. आणि या टॅबवर पहिलं लिहिलेलं तसंच राहतं, त्याच्यावर लाल रेघ येते, खाली नवं येतं, आणि त्याच्याशेजारी बदलणाऱ्याचं नाव. कुणी म्हणायला नको, की मागाहून गुपचूप बदललं."

"दाखवा की लाल रेघ."

"माझ्याकडे नाही."

टेबलावरून फाइल उचलायला आलेल्या विजयमाला सिस्टर हसल्या. "वेणीकाकांकडं लाल मागतीस व्हय? बाकीच्यांचे फॉर्म बघ, कुंकू सांडल्यासारखे असतात. ह्यांच्या फॉर्मला अजून नख लागलं नाही कुणाचं."

"तुम्ही दृष्ट लावा आता," वेणीमाधव म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला.

खरं सांगायचं तर एवढीच एक गोष्ट त्यांना जिवापाड प्यारी होती. त्यांचे वडील देवळात पूजा करत आणि जुन्या पोथ्या उतरवून काढत. एक अक्षर चुकलं तर पान बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून लिहीत. वेणीमाधवांना देऊळ मिळालं नाही, पण ती सवय मिळाली. कागदाच्या काळात त्यांचे केसपेपर नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवत. टॅब आला तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण बोटं शिकली. आता महिन्याच्या मीटिंगमध्ये भिंतीवर सगळ्यांच्या दुरुस्त्यांचा तक्ता दाखवतात, त्यात त्यांच्या नावापुढची ओळ कोरी असते. तरुण मॅनेजर म्हणतो, "काकांकडे बघा." काका तेव्हा खिडकीबाहेर बघतात. आणि त्या संध्याकाळी घरी जाताना बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घेतात. ती न विचारताच ओळखते.

सिस्टर आत गेल्या. बाकावर आणखी काही मुलं आपापल्या आयांना चिकटून बसली होती. सगळ्यांचे फॉर्म झाले होते. हातात आता काम नव्हतं, आणि समोर प्रश्न विचारणारी मुलगी होती. वेणीमाधवांना याहून जास्त काय हवं?

"काका, खाल्लंय का म्हनून लई डाव का इचारत्यात?"

"चांगलं विचारलंस. आपल्या घशात दोन वाटा असतात. एक पोटाकडे जाते, एक श्वासाकडे. मधे एक पडदा असतो. तू घास गिळलास की तो श्वासाची वाट झाकतो. रात्री तू झोपलीस तरी तो जागाच असतो, राखणदारासारखा."

"आन भूल दिल्यावर?"

"भुलीत तोही झोपतो. मग पोटात काही असेल तर ते वर येतं आणि श्वासाच्या वाटेनं आत शिरतं. जिवावर बेततं. म्हणून पोट रिकामं लागतं. जेवण नको, घास नको, काहीच नको."

आरोही मनगटावरची पट्टी गोल गोल फिरवायला लागली. मग तिनं आजीकडे बघितलं. चिमाबाई पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते, देवीचं नाव चाललं होतं.

"काका," आरोही अगदी हळू म्हणाली, "परसाद म्हंजी खाणं असतंय का ओ?"

मुलांनो, कधी कधी एखादा प्रश्न कानावर पडतो आणि उत्तर देण्याआधीच आपल्याला आपली चूक दिसते. वेणीमाधवांना तशी दिसली. चहा विचारला, बिस्कीट विचारलं, दूध विचारलं. प्रसाद विचारला नाही. पुजाऱ्याचा मुलगा असून नाही विचारला. कारण त्यांच्या स्वतःच्या मनातही प्रसाद खाण्यात धरलेला नव्हता.

"कधी घेतलास?"

"आत्ताच. हितं आल्यावर. पायरीवर. कमळाभवानीचा पेढा आन खोबरं."

"आजी," वेणीमाधवांनी हाक मारली. "पोरीला पेढा दिला?"

चिमाबाईनं डोळे उघडले. "दिला की. परसाद हाय त्यो. आईला काल नारळ फोडला, साकडं घातलं. आईचा परसाद तोंडात घालून पोरगी आत जाऊ दे, म्हनलं."

"मी मघाशी विचारलं, काही खाल्लंय का."

"खाल्लं कुटं? परसाद म्हंजी खाणं का ओ? तुमी बामनाचं दिसताव, आन तुमी असं इचारताव? आईचा परसाद कुनाला बादलाय का आजपातूर?"

"प्रसाद बाधत नाही, आजी. भूल बाधते. पेढा देवीचा असला तरी पोटात गेल्यावर पेढाच असतो."

चिमाबाईच्या चेहऱ्यावरचं बळ ओसरलं. "मग आता?"

"आता आज नाही व्हायचं. पोट रिकामं व्हायला कित्येक तास लागतात, तोवर डॉक्टर गेलेल्या असतील."

"आसं नगा करू दादा. एवडुसा पेढा. नखाएवडं खोबरं. लिवू नका की. पोरीनं म्हैना झालं दिवस मोजल्यात. आई सांबाळंल."

वेणीमाधवांनी टॅब ओढून आरोहीचा फॉर्म उघडला आणि पेन्सिलीवर बोट ठेवलं. ते बोट किंचित थांबलं, हे आरोहीला दिसलं. तिला वाटलं, काका विचार करताहेत लिहावं की न लिहावं.

"लिवा," ती म्हणाली.

"लिहितोच आहे, बाळ. न लिहून कसं चालेल? तू सांगितलंस ते फार बरं केलंस."

'नाही' वर लाल रेघ आली. वेणीमाधवांच्या हातून उमटलेली पहिली लाल रेघ. खाली आलं : 'होय. पेढा, खोबरे.' मग टॅबनं विचारलं, दुरुस्तीचं कारण काय? आणि तीन तयार उत्तरं पुढं केली. आरोही टेबलावर वाकून वाचायला लागली.

"रुग्णाने चुकीची माहिती दिली." ती अडखळली. "रुग्ण म्हंजी मी?"

"हो."

"म्हंजी मी लबाड बोलले?"

अशा वेळी हॉस्पिटलातले बरेचजण हेच पहिलं उत्तर दाबायचे. त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. रुग्ण ते वाचायला येत नसत, आणि हे उत्तर दाबलं की ती दुरुस्ती तक्त्यात कर्मचाऱ्याच्या नावावर धरली जात नसे. वेणीमाधवांची ओळ कोरीच राहिली असती.

"नाही," ते म्हणाले. "तू लबाड बोलली नाहीस, आजीही बोलली नाही." त्यांनी शेवटचं 'इतर' दाबलं. रिकामी चौकट उघडली. त्यात त्यांनी सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं : 'विचारताना प्रसादाबद्दल विचारले नाही. चूक माझी.' खाली त्यांचं नाव आपोआप आलं. मग ते आरोहीला म्हणाले, "वाच. बरोबर आहे?"

तिनं वाचलं, मान हलवली, आणि या वेळी न सांगता सेव्ह दाबलं. मग मात्र आवाज न करता रडणारी मुलं असतात ना, तशी ती रडली. झग्याची बाही लांब होती, तिनंच ती डोळे पुसत राहिली.

चिमाबाईला ते बघवेना. "आन ती बाकीची लेकरं?" ती एकदम म्हणाली. "त्यांनी बी खाल्लाच की परसाद! त्यांना न्हेतावच ना आत? मग माझ्याच पोरीला का?"

वेणीमाधवांनी टॅब खाली ठेवला. "कुणी खाल्ला?"

"मी दिला की. झगं घालून पायरीवर बसली हुती सगळी. परसाद काय एकल्यानं खात्यात व्हय? वाटाया लागतोय."

"कुणाकुणाला दिला, आजी?"

"आता परसाद काय नावं इचारून देतंय का कुनी? हात फुडं आला की ठिवायचा. कुनी तोंडात टाकला, कुनी पदराला बांदला. समदी एकाच रंगाच्या झग्यात. मला काय ठावं?"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. "नंदीश!" विजयमाला सिस्टरांनी पुकारलं. "सगळ्यात लहान आधी. चला, पार्वतम्मा, घ्या त्याला."

अक्कलकोटकडून आलेली पार्वतम्मा नंदीशला कडेवर घेऊन उठलीसुद्धा.

"थांबा," वेणीमाधव म्हणाले. ते उठून सिस्टरांजवळ गेले आणि हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरांचा चेहरा उतरला.

"अहो काका, मग डॉक्टरबाई सगळ्यांचीच ऑपरेशनं थांबवतील. कुणी खाल्लं, कुणी नाही, हे कळल्याशिवाय त्या कुणाला हात लावायच्या नाहीत. ज्यांनी खाल्लं नाही ती पोरंपण परत जाणार."

"मला विचारू द्या."

वेणीमाधव बाकासमोर उभे राहिले. आयुष्यभर ते बसून, एका वेळी एकाला विचारत आले होते. उभं राहून सगळ्यांना विचारायची त्यांना सवय नव्हती. "ऐका," ते म्हणाले, "सकाळी पायरीवर या आजींनी प्रसाद दिला. मी फॉर्म भरताना तो विचारायला विसरलो, ही माझी चूक. आता विचारतो. कुठल्या मुलाच्या तोंडात तो गेलाय?"

आयांनी मुलांना आणखी जवळ ओढलं.

"भीती घालत नाही, पण पोटात काही असताना भूल दिली तर मूल दगावू शकतं. तारीख पुढं गेली तर नुसती तारीख जाते."

"न्हाई री," पार्वतम्मा म्हणाली. "आमचा नंदीश काय बी खाल्ला नाही." आणि बोलता बोलता तिनं पदरानं नंदीशचं तोंड पुसलं. दुसरी एक आई मुलाच्या झग्याचे बंद उगाचच सोडून पुन्हा बांधायला लागली. त्यांना तरी नावं कशी ठेवायची? कुणी एक दिवसाची मजुरी बुडवून आलं होतं, कुणी रात्रीच्या एसटीनं. आणि मुलं आयांकडे बघत होती, आया जमिनीकडे.

वेणीमाधवांनी खिडकीखालच्या रिकाम्या बाकाकडे हात केला. "ज्यांनी प्रसाद खाल्लाय, त्यांनी तिथं जाऊन बसा. कुणी रागावणार नाही. तुमचे फॉर्म मी दुरुस्त करीन, माझ्या नावानं."

पंखा फिरत राहिला. सिस्टर दारात उभ्याच होत्या. आतून इंद्रायणी डॉक्टरांचा आवाज आला, "पहिलं बाळ आणताय ना?"

वेणीमाधवांनी आरोहीकडे बघितलं नाही. तिला ठाऊक असणार, कुणी कुणी तोंडात टाकला ते. मुलं एकमेकांचं खाणं बरोबर बघतात. पण एका मुलानं दुसऱ्या मुलाकडे बोट दाखवावं, असं त्यांना तिच्याकडून नको होतं. विचारायचं काम त्यांचं होतं. ते तसेच उभे राहिले.

आरोहीनं बाहीनं नाक पुसलं. चिमाबाईच्या हातातून आपला हात सोडवला. झगा पायात येत होता, तो तिनं दोन्ही हातांनी वर धरला आणि बाकावरच्या सगळ्या मुलांच्या समोरून चालत ती खिडकीखालच्या बाकाशी गेली. उडी मारून वर बसली. तिचे पाय लोंबत होते.

"मी खाल्ला," ती म्हणाली. कुणा एकाला नाही, सगळ्यांनाच. "माझं आज न्हाय. फुडल्या म्हैन्यात हाय."

मग ती बाकाच्या कडेला सरकली आणि शेजारच्या जागेवरची धूळ तळहातानं झाडली.

नंदीशनं आईच्या तोंडाकडे बघितलं, मग त्या बाकाकडे बघितलं. आणि तो पार्वतम्माच्या कडेवरून खाली घसरायला लागला.

आरोही आणखी थोडी सरकली.